तळघरात घडलेला आवाज

(दृश्य: बर्फात बुडालेली गल्ली. एका घराच्या तळघराच्या खिडकीत उजेड.)

वॉटरटाउन, मॅसॅच्युसेट्स. बॉस्टन शहराला खेटून असलेलं छोटं शहर. १९७५च्या आसपासचा काळ. पोलरॉइड कंपनीतलं दिवसाचं काम आटोपून एक तरुण इंजिनिअर घरी येतो आणि तळघरात उतरतो. खाली घर उबदार ठेवणारी भट्टी आहे. तिच्या बाजूला लाकडी फळ्या ठोकलेली चिंचोळी खोली, आणि त्या खोलीत पगारातून उभा केलेला स्टुडिओ.

या माणसाचं नाव टॉम शोल्झ. एमआयटीचा पदवीधर. त्याच्या रॉक बॅन्डला पुढे शहराचंच नाव मिळालं : बॉस्टन.

तळघरातलं टेपरेकॉर्डर बारा ट्रॅकचं होतं. म्हणजे एकाच फितीवर बारा स्वतंत्र पट्ट्या. एकीवर बास, दुसरीवर ऑर्गन, तिसरीवर गिटार. तीच गिटार चौथ्या पट्टीवर पुन्हा तंतोतंत वाजवायची, मग एक डाव्या कानाला आणि एक उजव्या कानाला द्यायची. माणूस कितीही पक्का असला तरी दोन वेळा अगदी एकसारखं वाजत नाही. त्या केसभर फरकातून आवाज रुंद होतो, भिंतीसारखा उभा राहतो. ड्रम सोडले तर बहुतेक वाद्यं शोल्झनं स्वतःच वाजवली. 'मोअर दॅन अ फीलिंग' हे एक गाणं मनासारखं व्हायला त्याला पाच वर्षं लागली.

आणि या भिंतीवर उभा राहिला बॅन्डचा गायक ब्रॅड डेल्प याचा गळा. शाहिरामागे झीलकरी सूर धरतात ना, तसे सूर या गाण्यांत सतत मागून येतात. पण इथे शाहीरही डेल्प आणि झीलकरीही डेल्पच. आपल्याच आवाजावर तो थरावर थर गात गेला. माझं ठाम मत आहे, शोल्झच्या गिटारीचं कौतुक पुष्कळ झालं, डेल्पच्या गळ्याचं त्या मानानं फार कमी.

(दृश्य: फिरणारी टेप, जवळून.)

रेकॉर्ड कंपन्यांनी या फिती परत पाठवल्या. एकदा नाही, कित्येकदा. शेवटी एपिक या कंपनीनं करार केला, पण एक अट घातली : हीच गाणी व्यावसायिक स्टुडिओत नव्यानं ध्वनिमुद्रित करा. शोल्झला ते पटेना. त्याचा आवाज त्या खोलीत, त्या यंत्रांवर घडला होता. मग निर्माते जॉन बॉयलन यांनी वाट काढली. बाकीच्या वादकांना घेऊन ते लॉस एंजेलिसला गेले. कंपनीची समजूत अशी, की रेकॉर्ड तिकडे बनते आहे. इकडे शोल्झ भट्टीशेजारी बसून गिटारचे थर चढवत होता.

काम झालं तेव्हा फिरत्या स्टुडिओचा ट्रक त्याच्या दारात येऊन उभा राहिला. तळघराच्या खिडकीतून केबल आत सोडली, आणि बारा ट्रॅकचं काम चोवीस ट्रॅकच्या फितीवर उतरलं. डेल्पचं गाणं मग लॉस एंजेलिसला घेतलं. पूर्णपणे तिकडे बनलेलं असं त्या रेकॉर्डवर एकच गाणं आहे.

ऑगस्ट १९७६. 'बॉस्टन' याच नावाची पहिली रेकॉर्ड बाजारात आली. मुखपृष्ठावर गिटारच्या आकाराची अवकाशयानं. एकट्या अमेरिकेत पुढे या रेकॉर्डला १ कोटी ७० लाख प्रतींचं प्रमाणपत्र मिळालं. एवढं होत असतानाही शोल्झ सुरुवातीला काही काळ पोलरॉइडमध्ये कामावर जातच होता.

आता कंपनीला घाई झाली. दुसरी रेकॉर्ड, 'डोन्ट लुक बॅक', ऑगस्ट १९७८मध्ये आली आणि पहिल्या क्रमांकावर गेली. लांबी जेमतेम ३४ मिनिटं. शोल्झ पुढे म्हणत राहिला, की ती पूर्ण होण्याआधीच त्याच्या हातून ओढून घेतली गेली. मला शीर्षकगीत आजही आवडतं, त्याची गिटार सुरू झाली की पाय आपोआप ठेका धरतात. पण दुसऱ्या बाजूची काही गाणी अर्ध्यावर सोडल्यासारखी वाटतात, हे खरंच.

तिसऱ्या वेळी त्यानं घाई करायचं साफ नाकारलं. वर्षांमागून वर्षं गेली. एपिकची मालक कंपनी सीबीएसनं त्याच्यावर खटला भरला, आणि तो बरीच वर्षं रेंगाळला. मधल्या काळात शोल्झनं स्वतःचा उद्योग उभारला. त्याच्या 'रॉकमॅन' या खिशाएवढ्या यंत्राला गिटार आणि हेडफोन जोडला, की तळघरातल्या त्या आवाजाच्या जवळपास जाणारा आवाज कुणालाही घरबसल्या मिळू लागला. ऐंशीच्या दशकातल्या कितीतरी रेकॉर्डांवर हे यंत्र ऐकू येतं.

'थर्ड स्टेज' आली १९८६मध्ये, आठ वर्षांनी, आणि नव्या कंपनीकडून. एव्हाना सगळीकडे सिंथेसायझरचा सुळसुळाट होता. या रेकॉर्डवर एकही नाही. संगीत-वाहिन्यांच्या त्या जमान्यात 'अमांडा'साठी व्हिडिओसुद्धा बनवला नाही, तरी ते गाणं अमेरिकेत पहिल्या क्रमांकावर पोचलं. खटल्याचा निकालही अखेर शोल्झच्याच बाजूनं लागला.

त्यानंतर १९९४मध्ये 'वॉक ऑन', डेल्पशिवाय. तिच्यात गिटार तीच आहे, पण मला ती रेकॉर्ड पोरकी वाटते. २००२च्या 'कॉर्पोरेट अमेरिका'त डेल्प परतला.

मार्च २००७मध्ये ब्रॅड डेल्पनं स्वतःचं आयुष्य संपवलं. वय ५५.

(दृश्य: रिकामा स्टुडिओ. मायक्रोफोन.)

शोल्झचं काम चालूच होतं. सहावी रेकॉर्ड, 'लाइफ, लव्ह अँड होप', डिसेंबर २०१३मध्ये आली. पहिलीपासून मोजली तर ३७ वर्षांत सहा. तिच्यातल्या काही गाण्यांत आधी मुद्रित करून ठेवलेला डेल्पचा आवाज आहे. गाऊन संपलेल्या त्या गळ्याभोवती शोल्झ नव्यानं गिटार लावत बसला होता, पट्टीमागून पट्टी, आणि मागून झील धरणाराही डेल्पच होता.