आधी नवी चूल, मग बंदी

मंडळी, पत्रिकेवर विषय ‘शहरांची हवा आणि सरकारी उपाय’ असा छापलाय. त्यात पुष्कळ काही मावतं. मला मात्र आज एकच गोष्ट कळकळीनं मांडायची आहे. शहराची हवा नुसत्या फर्मानानं सुधारत नाही. लोकांच्या चुली बदलतात तेव्हा ती सुधारते, आणि त्या बदलण्याच्या खर्चात सरकारला हात घालावा लागतो. चूल म्हणजे जिथे जिथे काही जळतं ते सगळं: घरातली शेगडी, बसचं इंजिन, भट्टी, बॉयलर.

लंडनचं धुकं तुम्हा सर्वांना ठाऊक आहे. तरी ते मी पुन्हा सांगणार, कारण आपण निम्मीच गोष्ट सांगतो. ५ डिसेंबर १९५२, शुक्रवार. कडाक्याची थंडी, वारा पडलेला, आणि शहरावर उबदार हवेचा थर झाकणासारखा बसलेला. खाली लाखो घरांत उघड्या शेगड्या पेटलेल्या. देश युद्धाच्या कर्जातून बाहेर येत होता, म्हणून चांगला कोळसा परदेशी विकला जाई आणि घरांच्या वाट्याला हलका, धूर ओकणारा चुरा येई. तो धूर वर जायला वाटच उरली नाही. बसच्या पुढे कंडक्टर हातात दिवा घेऊन चालत होते. एका नाट्यगृहात धूर शिरला आणि रंगात आलेला ऑपेरा पहिल्या अंकानंतर थांबवावा लागला. प्रदर्शनासाठी आणलेली निवडक गुरं धापा टाकत मेली. माणसं मेली ती मात्र लगेच कुणाच्या ध्यानात आली नाहीत, कारण ती रस्त्यात पडली नाहीत, आपापल्या अंथरुणात गेली. शवपेट्या आणि फुलं कमी पडू लागली तेव्हा लोकांना आकडा जाणवला. सुमारे ४,००० मृत्यू, असं तेव्हा म्हटलं गेलं. पुढच्या संशोधकांनी त्यानंतरचे महिने धरून तो १२,००० पर्यंत नेला.

आणि सरकार काय म्हणालं? पुढच्या महिन्यांतले मृत्यू फ्लूचे आहेत! मंडळी, हे वाचलं की आजही माझा संताप होतो. आपल्या शहरांतही हवेनं गेलेल्या माणसाच्या दाखल्यावर हवा कधीच लिहिली जात नाही. तिथे दमा लिहितात, हृदयविकार लिहितात. असो, ते स्वतंत्र व्याख्यान होईल.

संसदेत रेटा वाढला. १९५३ मध्ये सर ह्यू बीव्हर यांची समिती नेमली गेली आणि १९५६ मध्ये स्वच्छ हवेचा कायदा झाला. इथवर सगळेच सांगतात. आता राहिलेली निम्मी गोष्ट ऐका. कोळशावर बंदी ही लंडनला नवी नव्हती. चौदाव्या शतकाच्या आरंभी राजा पहिला एडवर्ड यानं ती घालून पाहिली होती. सरपण महाग, कोळसा स्वस्त, लोक जाळत राहिले. साडेसहाशे वर्षांनी वेगळं काय केलं? कायद्यानं नगरपालिकांना ‘धूरनियंत्रण क्षेत्रं’, म्हणजे धुराड्यातून धूर सोडायला बंदी असलेल्या वस्त्या, आखू दिली, आणि त्या क्षेत्रातल्या घरमालकानं जुनी शेगडी काढून बिनधुराची बसवली तर रास्त खर्चाचे दहातले सात भाग त्याला परत मिळतील, असं कलमच घातलं. दहातले सात! बंदी आणि मदत एकाच कायद्यात. बदल एका रात्रीत झाला नाही, १९६२ च्या डिसेंबरात पुन्हा तसंच धुकं दाटलं आणि माणसं गेली. पण या वेळी बळी पूर्वीपेक्षा खूपच कमी होते.

कार्यकर्त्यांनी चिठ्ठी दिली आहे, पाचच मिनिटं उरलीत. बाकीचं भरभर सांगतो.

चीन. २०१३ मध्ये राष्ट्रीय कृती आराखडा आला. बीजिंगच्या हवेतले अतिसूक्ष्म कण, म्हणजे पीएम २.५, वर्षाच्या सरासरीनं घनमीटरमागे ८९.५ मायक्रोग्रॅम होते, ते २०१७ मध्ये ५८ वर आले. यश मोठंच. पण त्याच हिवाळ्यात उत्तर चीनच्या काही गावांत कोळशाच्या शेगड्या आधी काढल्या आणि गॅस पोहोचलाच नाही. वर्ग इतके गारठले की मुलांना बाहेर उन्हात बसवून शिकवावं लागलं. शेवटी मंत्रालयानंच सांगितलं, गॅस येईपर्यंत कोळसा जाळा. हा क्रम चुकता कामा नये.

दिल्ली. १९९८ मध्ये सर्वोच्च न्यायालयानं बसगाड्या सीएनजीवर आणायचा आदेश दिला. मुदत मार्च २००१ ची होती, काम उरकायला २००२ संपत आलं. पंप नव्हते, तासन् तास रांगा लागल्या, पण चूल बदलली आणि बसमागचा काळा धूर गेला. त्याच दिल्लीत २०२१ मध्ये कॅनॉट प्लेसला हवा गाळणारा मनोरा उभारला. त्याचा परिणाम मनोऱ्याच्या जवळपासच जाणवला. शहराच्या हवेला गाळणी लावता येत नाही हो!

शेवटचा मुद्दा, आणि खरं तर हाच सविस्तर सांगायचा होता. जानेवारी २०१९ मध्ये आपला राष्ट्रीय स्वच्छ हवा कार्यक्रम सुरू झाला. त्यातल्या पैशाचा मोठा वाटा रस्त्यावरच्या धुळीवर गेला: झाडणारी यंत्रं, पाणी फवारणाऱ्या गाड्या, फरसबंदी. कारण या कार्यक्रमात शहरांच्या कामगिरीचे गुण मोजले जातात ते पीएम १० वर, जाड कणांवर, आणि पाणी मारलं की ते खाली बसतात. फुप्फुसाच्या तळाशी जाऊन रक्तात उतरतात ते बारीक कण, आणि ते मुख्यतः जळण्यातून येतात. म्हणून माझी मागणी अशी आहे की शहरांचे गुण पीएम २.५ वर द्या, आणि प्रत्येक आराखड्यात एक रकाना सक्तीचा करा: यंदा किती भट्ट्या, किती बॉयलर, किती जुने ट्रक, किती घरातल्या चुली बदलल्या, आणि त्यांचे दहातले किती भाग कुणी भरले.

वेळ संपली. शेतातला धूर शहरात येतो त्याचं काय, हे कुणीतरी विचारा, म्हणजे तेही बोलता येईल.