बर्बन : मका, आग आणि दरवेळी नवं कोरं बॅरल

अमेरिकेतल्या केंटकी राज्यातलं बार्ड्सटाउन. गाव तसं छोटंसंच, पण गावाबाहेर पडलं की शेतांच्या मधेच अशा सहा-सात मजली गोदामांच्या रांगा लागतात, खिडक्या बारीक बारीक आणि भिंती काळ्याकुट्ट. बघणाऱ्याला वाटतं इथे कधीतरी आग लागली असणार. आग नाही, बुरशी आहे ती. आत बर्बनची, म्हणजे मुख्यतः मक्यापासून बनणाऱ्या अमेरिकन व्हिस्कीची, हजारो लाकडी बॅरल्स मुरत पडलीयेत, त्यातून अल्कोहोलची वाफ दिवसरात्र बाहेर पडते आणि त्या वाफेवर ही बुरशी पोसली जाते. भिंतींवर चढते, झाडांवर चढते, शेजाऱ्यांच्या घरांवर पण चढते, आणि त्यावरून शेजारी कोर्टातसुद्धा गेलेत.

या गोदामांना तिकडे रिकहाऊस म्हणतात. केंटकीची लोकसंख्या साधारण ४५ लाख आणि मुरत पडलेली बॅरल्स एक कोटीच्या वर. म्हणजे तान्ह्या बाळापासून आजीपर्यंत प्रत्येकाच्या वाट्याला दोन बॅरल्स, वर शिल्लक उरतात ती वेगळीच.

बर्बन फक्त केंटकीतच बनते असं बरेच जण छातीठोकपणे सांगतात, ते खरं नाही. अमेरिकेत कुठेही बनवता येते, फक्त अमेरिकेबाहेर बनवून बर्बन म्हणून विकता येत नाही. १९६४ साली अमेरिकी काँग्रेसने तसा ठरावच केला, की हे आमच्या देशाचं खास उत्पादन आहे. पण जगातली ९५ टक्क्यांच्या आसपास बर्बन येते केंटकीतूनच, आणि त्याचं एक कारण जमिनीखाली आहे. तिथे चुनखडीचा खडक आहे, त्यातून झिरपून येणाऱ्या पाण्यात लोह जवळजवळ नसतं, आणि लोह व्हिस्कीचा रंग पण बिघडवतं आणि चव पण.

आता धान्य. कायदा म्हणतो किमान ५१ टक्के मका हवा, प्रत्यक्षात बहुतेक जण ७०च्या आसपास घालतात. मक्याने गोडवा येतो. त्याच्या जोडीला राय, म्हणजे गव्हासारखं एक धान्य, ती मिऱ्यासारखा तिखटपणा देते, आणि थोडं माल्ट केलेलं बार्ली, म्हणजे मोड आणून वाळवलेलं, कारण स्टार्चची साखर करणारी एन्झाइम्स त्यात असतात. काही जण रायच्या जागी गहू घालतात, मेकर्स मार्क हे त्यातलं सगळ्यात माहितीतलं नाव, ती जरा मऊ लागते. मका आधी चांगला उकळून शिजवायचा, मग थोडं थंड झाल्यावर राय किंवा गहू, आणि माल्ट सगळ्यात शेवटी, कारण फार गरम असताना टाकलं तर एन्झाइम्स मरतात आणि मग बसा हात चोळत.

मग हे सगळं टाकीत जातं आणि पिवळं, फेसाळ, बुडबुडे येणारं होतं, ते फर्मेंटेशन, म्हणजे आंबवणं. यात आधीच्या खेपेचं डिस्टिलेशन (उकळून वाफेतून अल्कोहोल वेगळं काढणं) झाल्यावर उरलेलं आंबट पाणी थोडं घालतात, याला सॉर मॅश म्हणतात. आपल्याला लगेच विरजण आठवतं, पण हे तसं नाही, हे पाणी उकळून आलेलं असतं, त्यात जिवंत यीस्ट नसतंच, यीस्ट वेगळं घालावं लागतं. या पाण्याचं काम आंबटपणा आणायचं, म्हणजे नको ते बॅक्टेरिया वाढत नाहीत आणि दर खेपेला माल साधारण सारखा निघतो. जेम्स क्रो नावाच्या स्कॉटिश माणसाने १८३०च्या दशकात केंटकीत ही पद्धत शास्त्रशुद्ध बसवली. तीन-पाच दिवसांत जे तयार होतं त्याला तिथले लोक सरळ बिअर म्हणतात, पण ही प्यायची नाही, ही जाते उंच तांब्याच्या कॉलम स्टिलमध्ये, म्हणजे डिस्टिलेशनच्या खांबासारख्या उभ्या यंत्रात.

इथे कायदा परत आडवा येतो. डिस्टिलेशन ८० टक्के अल्कोहोलच्या वर न्यायचं नाही, कारण जितकं वर न्याल तितकी धान्याची चव जाते आणि हातात उरतं नुसतं स्पिरिट. आपल्याकडच्या स्वस्त व्हिस्कीत उसाच्या मळीचं जे स्पिरिट असतं ना, ते ९६ टक्क्यांपर्यंत नेलेलं असतं, मग त्यात चव आणि रंग बाहेरून घालायचा. बर्बनमध्ये बाहेरून काहीच घालता येत नाही, ना रंग, ना फ्लेवर, फक्त पाणी. स्कॉचला सुद्धा कॅरमलचा रंग चालतो, बर्बनला नाही.

मग तो तांबूस रंग येतो कुठून? स्टिलमधून बाहेर पडते तेव्हा बर्बन पाण्यासारखी पांढरी असते, तिला व्हाइट डॉग म्हणतात आणि ती घशाला चांगलीच लागते. माझ्या मते बर्बनची खरी गोष्ट इथून पुढे आहे, कारण ती सगळी बॅरलची गोष्ट आहे.

बॅरल बनते कूपरेजमध्ये, म्हणजे बॅरल बनवायच्या कारखान्यात. अमेरिकन व्हाइट ओकच्या पट्ट्या, लोखंडी कड्या, ना खिळा ना गोंद, आणि साधारण २०० लिटरचं बॅरल उभं राहतं. मग आतून पेटवतात. दोन्ही तोंडांतून ज्वाळा बाहेर येतात. सगळ्यात जास्त जाळायचं असेल तर पाऊण ते एक मिनिट, तेवढ्यात आतलं लाकूड कोळसा होऊन असं तडकतं की मगरीची पाठ वाटावी, आणि तिथले कारागीर त्याला ‘ॲलिगेटर चार’च म्हणतात (ॲलिगेटर म्हणजे मगर, चार म्हणजे जळून कोळसा झालेला थर). या कोळशाच्या मागे लाकडाचा एक लालसर थर असतो, तिथे उष्णतेने लाकडातल्या साखरा कॅरमलसारख्या झालेल्या असतात आणि लाकडातल्या लिग्निन नावाच्या घटकातून व्हॅनिलिन, म्हणजे व्हॅनिलाचा वास देणारं द्रव्य, सुटलेलं असतं. ग्लासातली व्हॅनिला आणि कॅरमल, ती सगळी या लाकडातली.

आणि हे बॅरल दरवेळी नवीन हवं, हाच बर्बनचा सगळ्यात महागडा नियम. स्कॉचवाले जुनं बॅरल तीन-तीन वेळा वापरतात, इथे एकदाच. भरताना अल्कोहोल ६२.५ टक्क्यांच्या वर नसावं, आणि मग गोदामात.

केंटकीत उन्हाळा कडक आणि थंडी पण कडक. उन्हाळ्यात दारू लाकडात शिरते, थंडीत परत बाहेर येते, आणि येताना रंग, चव सगळं घेऊन येते. वरच्या मजल्यावर उकाडा जास्त, तिथलं बॅरल लवकर मुरतं, खालचं सावकाश. आणि दरवर्षी काही भाग उडून जातो, त्याला म्हणतात एंजल्स शेअर, देवदूतांचा वाटा. स्कॉटलंडच्या ओल्या हवेत मुरताना अल्कोहोल हळूहळू कमी होतं, केंटकीच्या गरम वरच्या मजल्यांवर उलट पाणी जास्त उडतं आणि अल्कोहोलचं प्रमाण वाढत जातं. वीस वर्षं मुरवली की चांगलीच असं नाही मग, बऱ्याचदा नुसतं लाकूड चावल्यासारखं लागतं. आणि एवढी दारू लाकडी इमारतीत म्हणजे धोका आलाच, १९९६ च्या नोव्हेंबरमध्ये हेवन हिल या डिस्टिलरीची गोदामं पेटली आणि ९० हजारांच्या आसपास बॅरल्स गेली.

गंमत म्हणजे नुसत्या ‘बर्बन’ला किमान किती मुरवायची याची अट नाही. लेबलवर ‘स्ट्रेट’ असेल तर किमान दोन वर्षं. ‘बॉटल्ड इन बॉन्ड’ असेल तर चार वर्षं, एकाच डिस्टिलरीची, एकाच हंगामातली, आणि बरोबर ५० टक्के अल्कोहोल. हा १८९७ चा कायदा, तेव्हा व्यापारी साध्या स्पिरिटमध्ये काहीबाही मिसळून व्हिस्की म्हणून विकायचे म्हणून आला. दुकानात गोंधळ उडाला तर मी तरी हे तीन शब्द बघतो. आणि हो, जॅक डॅनियल्स ही व्हिस्की टेनेसी राज्यातली, ती बॅरलमध्ये भरायच्या आधी मेपलच्या कोळशातून गाळतात, कंपनी तिला बर्बन म्हणत नाही.

राहिली एकदा वापरलेली बॅरल्स. फेकायची कशाला, ती जगभर जातात. स्कॉटलंडला जातात, मेक्सिकोत टकिलावाल्यांकडे जातात, आणि आपल्या गोव्यात कुंकळ्ळीला पण येतात, पॉल जॉन या ब्रँडची सिंगल माल्ट व्हिस्की अशाच बर्बनच्या रिकाम्या बॅरल्समध्ये मुरते. गोव्याच्या हवेत देवदूतांचा वाटा केंटकीपेक्षाही मोठा, त्यामुळे तिथे पाच-सहा वर्षांतच माल तयार.

आणि खुद्द बर्बन? भारताने फेब्रुवारी २०२५ मध्ये तिच्यावरची कस्टम ड्युटी १५० टक्क्यांवरून १०० वर आणली. त्यावर राज्याची एक्साइज वेगळी, त्यामुळे महाराष्ट्रात बाटलीची किंमत बघून लगेच उड्या मारू नका.