परवाना, पाणी आणि पूररेषा

श्रोतेहो, पणजीला मांडवीत रात्री झगमगणारी कॅसिनोची जहाजे पाहून आलेला नाशिककर गंगेवर, म्हणजे आपल्या गोदावरीच्या काठी, उभा राहिला की हमखास विचारतो, ‘आपल्याकडे असे काही का होत नाही?’ याचे उत्तर नीतिमत्तेत शोधण्याआधी कायद्यात शोधावे, कारण तिथली हकीकत अधिक मजेशीर आहे.

पैजा आणि जुगार हा विषय घटनेच्या राज्यसूचीत, 34व्या नोंदीत येतो. म्हणून मुभा द्यायची की बंदी घालायची, हे ज्याचे त्या राज्याने ठरवायचे. चमारबागवाला खटल्यात 1957 साली सर्वोच्च न्यायालयाने जुगाराला व्यापार-स्वातंत्र्याचे संरक्षण नाकारले. त्यामुळे कॅसिनोचा परवाना हा कोणाचा हक्क ठरत नाही. ती सरकारची मेहेरबानी असते, आणि मेहेरबानीची किंमत वसूल करता येते.

गंमत अशी की 1976 या एकाच वर्षी दोन कायदे झाले. गोव्याचा कायदा जुगाराला बंदी करणारा, तर महाराष्ट्राचा कॅसिनोवर नियंत्रण ठेवून कर घेणारा, म्हणजे दार किलकिले करणारा. पुढे घडले नेमके उलट. गोव्याने 1992 मध्ये त्या बंदीच्याच कायद्यात 13-अ हे कलम घालून पंचतारांकित हॉटेलांतील स्लॉट मशिनांना वाट करून दिली आणि 1996 मध्ये किनाऱ्यापलीकडच्या जहाजांवर टेबलावरचे खेळही चालू दिले. आपला कायदा मात्र अंमलाची अधिसूचनाच न निघाल्याने 47 वर्षे कपाटात पडून राहिला आणि 2023 मध्ये विधिमंडळाने तो रद्द केला. इतका दीर्घायुषी आणि इतका निरुपद्रवी कायदा विरळाच!

कायद्यातील एका शब्दाने शहराचा काठ कसा बदलतो, हे गोव्यात दिसते. टेबलावरचे खेळ ‘जहाजावर’ हवेत, ही अट. पण गिऱ्हाईक रोज रात्री खोल समुद्रात कशाला जाईल? म्हणून जहाजे मांडवीत, शहराच्या अगदी समोर, नांगर टाकून बसली. संध्याकाळी धक्क्यावर रांग लागते, छोट्या बोटी माणसे भरून नेतात. जहाज हलत नाही, माणसेच ये-जा करतात. परवाना शुल्क प्रवासी-क्षमतेवर ठरते आणि कोट्यवधींत जाते. जहाजे नदीतून हलवण्याची आश्वासने सरकारांनी दिली आणि मुदतवाढीही त्यांनीच दिल्या. एकदा ते उत्पन्न अंदाजपत्रकात धरले गेले की ‘तात्पुरते’ या शब्दाला सरकारी भाषेत वेगळाच अर्थ येतो.

आता आपली गंगा. तिच्या पाण्यात जहाज तरंगणे अवघडच, त्यामुळे इथे कधी असला प्रस्ताव आलाच तर तो पाण्यावर नव्हे, काठावर येईल, आणि तिथे निळी पूररेषा आडवी येते. 25 वर्षांतून एकदा येऊ शकणाऱ्या पुराची ती रेषा. तिच्या आत बांधकामाला मनाई आहे, आणि तिच्यापासून लाल रेषेपर्यंत, म्हणजे 100 वर्षांतून एकदा येणाऱ्या पुरापर्यंत, नियंत्रण आहे. 2008 च्या सप्टेंबरात पाणी कुठवर आले, हे इथल्या पेठांतल्या दुकानदारांना नकाशाशिवाय सांगता येते. गंगापूर धरणातून विसर्ग सुटला की आपण नदीपात्रातल्या दुतोंड्या मारुतीच्या मूर्तीकडे पाहतो: पाणी गुडघ्यापर्यंत आले, कमरेपर्यंत आले की छातीला लागले?

म्हणून उद्या कोणी काठविकासाचा आराखडा घेऊन आला, मग तो कॅसिनोचा असो वा नुसत्या खाऊगल्लीचा, तर त्यातील देखण्या चित्रांआधी निळी रेषा कुठून नेली आहे ते पाहावे. त्या रेषेच्या आत एखादा मांडव ‘तात्पुरता’ म्हणून दाखवला असेल, तर तो मोडण्याची तारीख त्याच कागदावर मागून घ्यावी.