म्हशीच्या शिंगाचं पेन

परदेशात लेथवर, म्हणजे तुकडा गरगर फिरवून कातायच्या यंत्रावर, पेन बनवणाऱ्यांचा हरणाच्या शिंगावर भारी जीव. जंगलात गळून पडलेली शिंगं तिथे सर्रास विकली जातात. आपल्या बोरिवलीच्या राष्ट्रीय उद्यानातही चितळ आहेत, नरांची शिंगं गळतात, नवी फुटतात. पण पडलेलं शिंग उचलून घरी आणलं, तरी १९७२च्या वन्यजीव संरक्षण कायद्याखाली गुन्हा. असावाच तो. ‘सापडलं’ म्हणायला किती वेळ लागतो?

दहिसरच्या या गाळ्यात काकांच्या लेथवर चढतं ते म्हशीचं शिंग.

दोन्हींची जातच वेगळी. हरणाचं शिंग म्हणजे हाड. बाहेरून टणक, आतून सच्छिद्र. ती छिद्रं पातळ सुपरग्लूने भरून घ्यावी लागतात, नाहीतर कातताना कपचा उडतो. म्हशीचं शिंग केराटिनचं, आपल्या नखांसारखंच. बुडाशी पोकळ, टोकाला भरीव. पेनाला कामाचं ते टोक. हा काळा तुकडा दिसतोय ना, तोच.

काकांची नोकरी लोखंड कातण्यात गेली. हातातल्या तुकड्याला ते अजून ‘जॉब’च म्हणतात. “लोखंड तापलं की कूलंट सोडायचं. हे तापलं की थांबायचं, दुसरा इलाज नाही.”

सात मिलिमीटरचं ड्रिल थोडं आत जातं, बाहेर येतं, भुगा झाडला जातो, परत आत. घाई केली तर शिंग तापून फुगतं आणि निवताना तडकतं. कधी तडा दुसऱ्या दिवशी उमटतो, म्हणून भोक पाडलेला जॉब रात्रभर तसाच ठेवतात. मग खरवडलेली पितळी नळी आत एपॉक्सीने चिकटवायची, मँड्रेलवर, म्हणजे लेथच्या बारीक दांड्यावर, चढवायचं, दोन्ही टोकांना बुश, म्हणजे मापाच्या धातूच्या कड्या.

आता कातणं. हत्यार धारदार, काप अगदी हलका. वास जळक्या केसांचा; चाळीत शेजाऱ्यांनी एक दिवससुद्धा चालू दिलं नसतं. धूळ बारीक, फुप्फुसाला वाईट. मास्क उतरत नाही, म्हणून काकांचं बोलणं आम्हाला लेथ बंद असतानाच मिळालं.

पॉलिश पेपर बारीक होत जातो, तसा काळ्यातून तपकिरी रेघा वर येतात.

शेवटी रिफिल फिरवायचा भाग दाबून बसवायचा. कमी दाबला तर टोक बाहेर येत नाही, जास्त दाबला तर आत जात नाही. काका थोडं राखून दाबतात, रिफिल घालून फिरवून बघतात, पुन्हा किंचित दाबतात.