मावशीच्या डब्याची गोष्ट

नमस्कार मंडळी. जिओकॅशिंग आता बऱ्याच जणांना ठाऊक आहे. कुणीतरी डबा लपवतो, जागेचे अक्षांश-रेखांश इंटरनेटवर टाकतो, आपण मोबाइल घेऊन शोधत जायचं, सापडला की आतल्या वहीत नाव-तारीख लिहायची आणि डबा होता तिथंच ठेवायचा. 2000 सालच्या मे महिन्यात अमेरिकेनं जीपीएसच्या सिग्नलमध्ये मुद्दाम ठेवलेली चूक काढून टाकली, जागा नेमकी कळायला लागली आणि लगेच 3 मेला डेव्ह उल्मर नावाच्या माणसानं ओरेगनच्या रानात एक बादली ठेवून दिली. त्या बादलीत बीन्सचा डबापण होता बरं का! आता खायची वस्तू ठेवायला साफ मनाई, कारण वासानं जनावरं येतात. हे लक्षात ठेवा, वास.

तर मी चाळीसेक डबे शोधले, लपवला एकही नाही. म्हणजे प्रत्येकाच्या पंगतीला जेवायचं आणि वाढायला मात्र कधी उठायचं नाही. लाज वाटली म्हटलं आपणपण एक लपवूया.

गोव्यात फोंड्याकडं माझ्या मावशीचं कुळागर, म्हणजे बागायत आहे, सुपारी, मिरी, केळी आणि मधोमध एक जुनाट फणस. काकांना विचारलं, ते म्हणाले ठेव. परवानगी महत्त्वाची, हां, दुसऱ्याच्या जागेत न विचारता ठेवायचं नाही. जागेची परवानगी घेतली, डब्याची मात्र नाही. मावशीच्या स्वयंपाकघरातला घट्ट झाकणाचा एक डबा मी हळूच उचलला, वही, पेन्सिल आणि दोन-चार खेळणी घातली आणि फणसाच्या मुळात सारला. पेन्सिलच, पेन नको, आपल्याकडच्या पावसात शाई पसरते.

एप्रिल संपला, आमसुलं वाळायला लागली आणि मावशीला डबा हवा झाला. पंधरा दिवस तिनं घर पालथं घातलं. शेजारणीवर संशय घेतला, तिच्याशी बोलणं बंद. मग एक दिवस पडलेला फणस उचलायला गेली तर मुळात आपलाच डबा, आत वही, पेन्सिल, प्लास्टिकचा बेडूक! तिला वाटलं कुणीतरी करणी केली. काका घरी नव्हते. तिनं देवाचं नाव घेऊन डबा धुतला, आमसुलं भरली, बेडूक नातवाला दिला, आणि वही कोरी होती म्हणून तिच्यात दुधाचा हिशेब लिहायला लागली.

पुढच्या आठवड्यात एक जर्मन जोडपं फणसाखाली वाकून वाकून बघतंय. मावशी ओरडली, ‘किदें सोदता?’ म्हणजे काय शोधताय? त्यांनी मोबाइलवर डब्याचा फोटो दाखवला. ‘हो आमचोच डबो न्हय रे!’ म्हणत तिनं दोघांना थेट स्वयंपाकघरात नेलं, डबा दाखवला, कोकम सरबत दिलं आणि वही पुढ्यात ठेवली. त्यांनी ‘दूध दीड लिटर’ या ओळीखाली दोन सह्या केल्या.

मला फोन आला तो रात्री. काय ऐकून घेतलं ते सांगत नाही.

तर आता ऐका. डबा नवा घ्या, स्वयंपाकघरातला नको, लोणच्या-मसाल्याचा वास धुऊनही जात नाही. वरती मराठीत, कोकणीत चिठ्ठी चिकटवा, हा खेळ आहे, घाबरू नका. मी चिठ्ठी लावली असती तर करणीचा विषयच निघाला नसता. दुसऱ्या डब्यापासून 161 मीटर लांब हवा, आणि खणायचं नाही. सुपारीच्या दाट झावळ्यांखाली जीपीएस इकडंतिकडं सरकतं, मी एकदाच रीडिंग घेतलं तर डबा कागदोपत्री शेजाऱ्याच्या विहिरीत. तीन-चार वेळा, वेगवेगळ्या दिवशी घ्या. चिऱ्यांच्या कपारीत हात घालायला लावू नका, तिथं फुरसं असतं. आणि पावसाळ्याआधी, पावसाळ्यानंतर स्वतः जाऊन बघा, ओली वही बदला. बघायला जमणार नसेल तर लपवूच नका.

आता फणसाखाली नवा डबा आहे, हिरवा, नवी वही. जुनी वही मावशी देत नाही, तिच्यात अजून दुधाचे पैसे बाकी आहेत म्हणे. शेजारणीशी बोलणं सुरू झालं. दर रविवारी मावशीचा फोन मात्र येतोच, ‘रे, आज कोण येतलो काय?’