पंप मिळतो, पण व्यायाम कोण लिहून देणार?

हा लांब व्हरांडा बघताय ना, तीस मीटरचा, दोन्ही टोकांना एकेक खुर्ची, बाकी मशीन वगैरे काही नाही. पेशंटच्या बोटाला ऑक्सिमीटर लावायचा आणि त्यानं सहा मिनिटं चालायचं, धाप लागली तर थांबायचं, परत निघायचं, शेवटी किती मीटर झाले ते लिहायचं. झाली सिक्स मिनिट वॉक टेस्ट. सीओपीडीच्या (म्हणजे श्वासनळ्या कायमच्या अरुंद होऊन धाप लागते त्या आजाराच्या) माणसाला आधीपेक्षा तीसेक मीटर जास्त जमले तर तेवढा फरक त्याला स्वतःला कळतो.

आता अशाच धाप लागणाऱ्या एका काकांकडे, इंदूरच्या रामबागेत येऊ. हे काका ७४ वर्षांचे, नाव सांगू नका म्हणाले. हुकुमचंद कापड मिलच्या कार्डिंग, म्हणजे कापूस पिंजायच्या खात्यात होते. मिल १९९१ च्या डिसेंबरात बंद पडली आणि कामगारांचे थकलेले पैसे सुटायला २०२३ चा डिसेंबर उजाडला. काका सांगतात, खात्यात कापसाची धूळ अशी उडायची की समोरचा माणूस धुरकट दिसायचा, आणि रविवारची सुट्टी झाली की सोमवारी छाती आवळून यायची. सोमवारी म्हणजे सोमवारीच हं, कापसाच्या धुळीनं होणाऱ्या बिसिनोसिसची ही जुनी ओळखच आहे. वरून बिडी होतीच. शहर २०१७ पासून स्वच्छतेत पहिलं, पण काकांच्या छातीत जे जायचं ते त्याच्या कितीतरी आधी जाऊन बसलंय.

काकांकडे औषध श्वासातून ओढायचे दोन पंप आहेत, नेब्युलायझर आहे, औषधं वेळेवर घेतात. तरी दिवसभर खाटेवर. कारण धाप लागते म्हणून माणूस चालणं कमी करतो, चालणं कमी झालं की मांड्यांचे स्नायू वाळतात, आणि असे कमजोर स्नायू थोड्याशा कामातच थकतात, रक्तात लॅक्टिक अॅसिड लवकर वाढतं, त्यामुळे श्वास आणखी वाढतो, म्हणजे धाप आणखी, मग चालणं आणखी कमी. घरचे पण प्रेमानं म्हणतात, बसा हो तुम्ही, आम्ही आणून देतो. तिथंच घोटाळा होतो.

पल्मनरी रिहॅब, म्हणजे फुफ्फुसाच्या पेशंटसाठीचा व्यायामाचा कोर्स, हेच चक्र उलटं फिरवतं. कमीत कमी सहा ते आठ आठवडे, आठवड्यातून दोन-तीनदा, चालणं, सायकल, खुर्चीवरून उठ-बस, हातात हलकी वजनं, ओठ चंबूसारखे करून हळू श्वास सोडायची सवय, खाणंपिणं, पंप नीट ओढता येतो का तेही बघतात (बऱ्याच जणांना येत नाही, बरं का). फुंक मारायच्या टेस्टचा आकडा ह्यानं सुधारत नाही. फुफ्फुस तेवढंच राहतं, पण माणूस जास्त चालतो आणि धाप कमी लागते. २०१५ साली ६५ ट्रायल एकत्र करून कॉक्रेनवाल्यांनी (जगभरचे वैद्यकीय अभ्यास एकत्र तपासणारी ही संस्था) सांगून टाकलं की सीओपीडीत ह्याचा फायदा होतो की नाही हे तपासायला नवीन ट्रायलची गरज उरलेली नाही.

मग काकांना का नाही मिळालं? एक तर कुणी चिठ्ठीवर लिहिलंच नाही. आणि हे फक्त आपल्याकडचं समजू नका, अमेरिकेत २०१४ मध्ये सीओपीडीनं अॅडमिट झालेल्या मेडिकेअरच्या (म्हणजे तिथल्या सरकारी विम्याच्या) म्हाताऱ्या पेशंटपैकी नव्वद दिवसांत रिहॅब सुरू करणारे शंभरात दोन पण नव्हते. दुसरं पैशाचं. आयुष्मान कार्ड सत्तरीच्या वरच्या सगळ्यांना मिळतंय, वर्षाला पाच लाखांपर्यंत, पण ते अॅडमिट झाल्यावर. म्हणजे काका आयसीयूत गेले तर सरकार खर्च करेल, आयसीयूत जाऊ नयेत म्हणून आठवड्यातून दोनदा फिजिओकडे गेले तर ओपीडीचा खर्च खिशातून. मला तर हे हिशोबानंही पटत नाही.

आणि तिसरं, जिना. काका तिसऱ्या मजल्यावर राहतात. खाली उतरा, ऑटो शोधा, व्यायाम करा, परत वर चढा, सोबतीला सुनेनं सुट्टी घ्यायची, आठ आठवडे! ज्याला रिहॅबची जास्त गरज तोच तिथं पोचू शकत नाही.

ह्यावर मेलबर्नमध्ये २०१७ साली एक साधा प्रयोग छापून आला. फिजिओ घरी एकदाच आला, नंतर सात आठवडे आठवड्याला एक फोन. बस. कोर्स संपल्यावर ह्या लोकांचं चालणं हॉस्पिटलात जाणाऱ्यांपेक्षा कमी सुधारलं नव्हतं. अर्थात पहिली तपासणी डॉक्टरांकडेच व्हायला हवी, हृदयाचं दुखणं असेल किंवा चालताना ऑक्सिजन फार खाली जात असेल तर परस्पर सुरू करायचं नाही.

इंदूरमध्ये फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, शेवटच्या वर्षाची पोरं आहेत, त्यांच्यावर लक्ष ठेवणारे सर आहेत आणि फोन तर सगळ्यांच्याच खिशात आहे. ह्यातलं कुणी आठवड्याला एक फोन करायला तयार असेल तर काकांचा होकार आम्ही आधीच घेऊन ठेवलाय, फक्त दुपारी दोन ते चार सोडून करा, तेव्हा ते झोपतात.