शिंपल्यांचा रस्ता

ऑक्टोबरचा महिना. कॅनडातल्या व्हँकुव्हरच्या स्टॅनली पार्कमध्ये पानगळ भरात आली आहे. वाटेवर पडलेली ही ताटलीएवढी, हळदीच्या रंगाची पानं मोठ्या पानांच्या मेपलची. उन्हात लालबुंद दिसतोय तो व्हाइन मेपल. आणि या रंगांमागे बारा महिने हिरवा राहणारा रेड सिडार.

त्याच्या बुंध्याकडे जरा जवळून बघा. खालून वर निमुळती होत गेलेली ही उभी पट्टी माणसाच्या हातची खूण आहे. वसंत सरताना खोडात रस चढतो, तेव्हा बुंध्याशी आडवा छेद द्यायचा, साल घट्ट धरायची आणि मागे सरकत ओढत राहायचं. वर जाता जाता ती निमुळती होऊन सुटून येते. बाहेरचा खडबडीत भाग काढून टाकायचा. आतली साल वाळवायची, भिजवायची, कुटून मऊ करायची. मग तिचे दोर वळायचे, चटया, टोप्या, टोपल्या विणायच्या. साल एकाच बाजूची घेतात, म्हणून झाड जगतं. या जंगलाला कुणी ‘अस्पर्श’ म्हणतं तेव्हा हे झाड आठवावं. ही मस्क्विअम, स्क्वामिश आणि स्लेल-वॉटूथ या इथल्या मूळ रहिवाशांची भूमी.

पार्कमधल्या लंबरमन्स आर्च या कमानीजवळची ही हिरवळ. इथे ख्वाय-ख्वाय हे गाव होतं. पिढ्यान्‌पिढ्या खाल्लेल्या शिंपल्यांच्या कवचांचा जाड थर इथे साचला होता. १८८८ साली पार्कभोवती रस्ता काढताना मजुरांनी तो खणला आणि तीच कवचं रस्त्यावर अंथरली. गावाचं अंगण असं चाकांखाली गेलं. त्याच वर्षी पार्क खुलं झालं. मागे राहिलेल्या कुटुंबांना पुढे कोर्टाच्या निकालाने हटवण्यात आलं.

ब्रॉक्टन पॉइंट, पार्कचं एक टोक. सगळे फोटो काढतात ते हे टोटेम पोल, म्हणजे कोरलेले उंच लाकडी खांब. यातले बहुतेक उत्तरेकडच्या किनाऱ्यावरच्या समाजांचे, हायडा, क्वाक्वाकावाक्व यांच्या परंपरेतले. इथल्या लोकांची स्वतःची खूण इथे उभी राहायला २००८ साल उजाडलं. मस्क्विअम शिल्पकार सुझन पॉइंट यांनी सिडारच्या लाकडात कोरलेली ही तीन प्रवेशद्वारं. पाहुण्यांचं स्वागत आता इथले यजमान करतात.

शेजारचा हा खांब २००९ चा, स्क्वामिश शिल्पकार रॉबर्ट येल्टन यांनी आपल्या आईसाठी कोरलेला. रोझ कोल येल्टन ब्रॉक्टन पॉइंटवर घर असलेल्या शेवटच्या काही लोकांपैकी एक होत्या.